‘कंट्रोल’ या शब्दाची गोष्ट, आणि ती मी का मागे घेतेय

मागच्या वर्षी कोर्सवर्कच्या सेमिनारमध्ये मी एक गोष्ट सांगितली होती. विषय होता ‘लिटरेचर रिव्ह्यू करताना मूळ स्रोत का पाहायचा’. मी रसायनशास्त्राची, पण उदाहरण घेतलं इतिहासातलं, कारण तेवढीच जरा गंमत. गोष्ट अशी: जून १९४० मध्ये फ्रान्स जर्मनीपुढे हरला. शस्त्रसंधीच्या करारात लिहिलं होतं, की फ्रेंच आरमार जर्मन किंवा इटालियन ‘कॉन्त्रोल’खाली निःशस्त्र केलं जाईल. फ्रेंचमध्ये या शब्दाचा मुख्य अर्थ तपासणी, देखरेख. इंग्रजांनी तो आपल्या ‘कंट्रोल’सारखा वाचला, म्हणजे ताबा. आणि ३ जुलै १९४० ला ब्रिटिश नौदलाने अल्जेरियातल्या मर्स-एल-केबीर बंदरात कालपर्यंतच्या मित्राच्याच जहाजांवर तोफा डागल्या. १२९७ फ्रेंच नौसैनिक आणि अधिकारी मेले. तात्पर्य: भाषांतरावर विसंबू नका.

टाळ्या पडल्या. मग मागच्या बाकावरून एका सीनियरने विचारलं, “करार मुळात कोणत्या भाषेत लिहिला होता?”

मी म्हटलं, “फ्रेंच.”

“जिंकले जर्मन, अटी घातल्या जर्मनांनी, आणि मसुदा फ्रेंचमध्ये?”

मी गप्प. ‘मूळ स्रोत पाहा’ हे सांगणाऱ्या बाईने स्वतः मूळ स्रोत पाहिला नव्हता. गोष्ट मी एका लेखातून उचलली होती, त्या लेखाने दुसऱ्या लेखातून. त्यानंतरचे काही महिने मी या विषयावर जमेल तसं वाचत गेले. आजचा लेख त्या वाचनावरची टीका आहे, आणि टीकेची सुरुवात माझ्याच गोष्टीपासून आहे. तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा सिनॉप्सिस लिहीत असाल, तर आरमारात रस नसला तरी शेवटपर्यंत वाचा. चूक माझी आहे, पण ती तुमच्याकडूनही होणार आहे.

आधी शब्द

२२ जून १९४० ला काँपिएनच्या जंगलात करारावर सह्या झाल्या. जर्मनीतर्फे कायटेल, फ्रान्सतर्फे हुंत्सिगर. मसुदा जर्मन होता. त्याच्या आठव्या कलमात शब्द आहे ‘कोंट्रोले’. आणि जर्मनमध्येही या शब्दाचा नेहमीचा अर्थ तपासणीच. जर्मनीत गाडीत तिकीट तपासायला येतात ती ‘कोंट्रोले’, फ्रान्समध्ये तो तपासनीस ‘कॉन्त्रोलर’. म्हणजे जर्मन आणि फ्रेंच एका बाजूला, इंग्रजी दुसऱ्या बाजूला.

आपल्याकडे हाच शब्द तिसरीकडे गेला. माझी आजी रेशनच्या दुकानाला अजून ‘कंट्रोल’ म्हणते. ‘कंट्रोलचा तांदूळ आला का गं?’ युद्धकाळात सरकारने धान्यावर नियंत्रण आणलं, त्या काळातून हा शब्द घराघरांत राहिला. आणि माझ्या प्रयोगशाळेत ‘कंट्रोल’ म्हणजे ज्या नमुन्याला आपण काहीच करत नाही तो. एकच शब्द, आणि तो कोण कुठे उभा राहून म्हणतोय त्यावर अर्थ ठरतो.

तर शब्दाचा घोळ खरा आहे. माझ्या गोष्टीत तेवढं बरोबर होतं. चूक पुढच्या पायरीवर होती: ‘म्हणून’ हल्ला झाला.

कलम पूर्ण वाचलं तर

मी फक्त एक शब्द उचलला होता. कलम पूर्ण वाचलं की चार गोष्टी दिसतात. एक, वसाहतींच्या रक्षणासाठी ठेवलेला भाग सोडून बाकी आरमार ठरवून दिलेल्या बंदरांत गोळा करायचं आणि तिथे तपासणीखाली निःशस्त्र करायचं. दोन, ही बंदरं ठरवताना जहाजांचं शांतताकाळातलं मूळ बंदर पाहायचं. तीन, जर्मन सरकार जाहीरपणे सांगतं की किनाऱ्यावरची टेहळणी आणि सुरुंग काढणं यांना लागतील तेवढी जहाजं सोडून बाकीचं आरमार ते युद्धात स्वतःसाठी वापरणार नाही. चार, फ्रान्सबाहेर असलेली जहाजं, वसाहतींसाठीची सोडून, परत बोलवायची.

आता दुसऱ्या मुद्द्यापाशी थांबा. ब्रेस्ट, शेर्बूर, लोरिआँ ही अटलांटिक आणि खाडीच्या बाजूची मोठी नौदल बंदरं जर्मनांनी व्यापलेल्या भागात होती. मर्स-एल-केबीरला उभ्या असलेल्या ‘दंकर्क’ आणि ‘स्त्रासबूर’ या दोन नव्या, वेगवान युद्धनौकांचं मूळ बंदर ब्रेस्ट. कलम अक्षरशः पाळलं असतं, तर या दोन नौका तोफांसकट जर्मनांच्या हातातल्या बंदरात जाऊन मग निःशस्त्र झाल्या असत्या. अशा वेळी ‘कॉन्त्रोल’चा अर्थ तपासणी घ्या नाहीतर ताबा, धक्क्यावर उभा असलेला सैनिक जर्मनच असणार.

म्हणजे लंडनमध्ये उत्तम फ्रेंच जाणणारा माणूस बसवून शब्दाचा अचूक अर्थ लावून घेतला असता, तरी भीती तशीच राहिली असती. शब्दाने भीती वाढवली असेल. पण शब्द नसता तर हल्ला झाला नसता, हे दाखवणारं माझ्याकडे काहीच नव्हतं. तरी मी ते ठासून सांगितलं, कारण गोष्ट छान बसत होती. एक कारण, एक परिणाम, एक तात्पर्य. संशोधनात एखादं स्पष्टीकरण इतकं गोंडस दिसलं की आधी त्यावर संशय घ्या.

चर्चिलचं पुस्तक: साक्षीदार की वकील?

आता मोठ्या पुस्तकाकडे. विन्स्टन चर्चिलने दुसऱ्या महायुद्धावर सहा खंड लिहिले. दुसरा खंड ‘देअर फायनेस्ट अवर’ १९४९ चा, आणि त्यात ओरानचं प्रकरण आहे (मर्स-एल-केबीर ओरानच्या शेजारीच). वाचायला घेतलं की खाली ठेवता येत नाही, हे आधी कबूल करते. १९५३ चं साहित्याचं नोबेल या माणसाला उगाच मिळालं नाही.

पण पुरावा म्हणून वाचायला लागलं की तीन गोष्टी खटकतात.

पहिली. आठव्या कलमावरून तो जो निष्कर्ष काढतो, की जहाजं पूर्ण सशस्त्र असतानाच शत्रूच्या ‘कंट्रोल’मध्ये जाणार, तो त्याने २५ जून १९४० ला पार्लमेंटमध्येही मांडला होता. त्या दिवशी तो ठीक होता. युद्ध चालू, माहिती अर्धी, भीती पूर्ण. पण १९४९ पर्यंत बरीच कागदपत्रं बाहेर आली होती. तरी पुस्तकात कलमाचं वाचन जवळपास तेच राहतं. नऊ वर्षांपूर्वीचा अंदाज आता इतिहास म्हणून छापला जातो. आपण प्रपोजलमधलं गृहीतक थीसिसच्या निष्कर्षात जसंच्या तसं चिकटवतो ना, तसंच.

दुसरी. हा निर्णय आपल्या आयुष्यातल्या सर्वांत अनैसर्गिक आणि क्लेशदायक निर्णयांपैकी होता, अशा आशयाचं तो लिहितो. मला ते खोटं वाटत नाही. ४ जुलैला त्याचं भाषण संपल्यावर सभागृहाने जल्लोष केला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ही नोंदलेली गोष्ट आहे. पण वाचताना काय होतं पाहा: लेखकाला झालेलं दुःख हा निर्णय बरोबर असल्याचा पुरावा वाटायला लागतो. ‘इतका त्रास झाला तरी केलं, म्हणजे अटळच असणार.’ या दोन वाक्यांत काही संबंध नाही. आपणही गाइडला सांगतो, ‘सर, या प्रयोगावर सहा महिने घालवलेत.’ सहा महिने गेले म्हणून आकडा बरोबर येत नाही.

तिसरी. अटळपणा ठसवायचा असेल तर वेगळं मत असलेली माणसं धूसर करावी लागतात. हल्ल्याचं काम ज्याच्यावर सोपवलं तो व्हाइस ॲडमिरल सॉमरव्हिल या कल्पनेच्या विरोधात होता. अलेक्झांड्रियाला असलेला ॲडमिरल कनिंगहॅमही. समोरच्या माणसांबरोबर कालपर्यंत काम केलेले हे लोक. त्यांच्या शंकेला या प्रकरणात जेवढी जागा मिळायला हवी, तेवढी मिळत नाही.

दुसऱ्या बाजूचं पुस्तक

मग मी उलट बाजूचं पुस्तक घेतलं: पॉल ओफाँ आणि झाक मोर्दाल यांचा दुसऱ्या महायुद्धातल्या फ्रेंच नौदलाचा इतिहास. फ्रेंच आवृत्ती १९५८ ची, पुढच्या वर्षी इंग्रजी भाषांतर. मोर्दाल हे टोपणनाव. ते नौदलातले डॉक्टर होते. आणि ओफाँ? ते ॲडमिरल, एप्रिल ते नोव्हेंबर १९४२ मध्ये व्हिशी सरकारात नौदलाचे मंत्री. म्हणजे ज्याचा हिशेब मांडायचा, त्याच हाताने वही लिहिली.

हे पुस्तक टाकाऊ आहे असं मी मुळीच म्हणत नाही. शस्त्रसंधीखाली आरमार चालवणं म्हणजे रोज काय करणं, हे मला त्यातून नीट कळलं. जर्मन आयोग वीसबाडेनला, इटालियन आयोग तूरीनला. कोणती जहाजं सशस्त्र ठेवायची, इंधन किती, कोणाला बाहेर जाऊ द्यायचं, सगळ्याला परवानगी. सप्टेंबर १९४० मध्ये तूलाँहून तीन क्रूझर आणि तीन मोठ्या विनाशिका आफ्रिकेतल्या वसाहती सावरायला जिब्राल्टरमार्गे गेल्या, त्याही अशीच परवानगी काढून. म्हणजे प्रत्यक्षात ‘कॉन्त्रोल’ बराच काळ तपासणीसारखाच चालला.

पण इथेही एक मेख आहे. मर्स-एल-केबीरनंतर जर्मनी-इटलीने निःशस्त्रीकरणाची अट स्थगित केली. इंग्रज हल्ला करतायत तर फ्रेंचांनी त्यांच्याशी लढावं, हे त्यांच्या सोयीचंच होतं. म्हणजे आठवं कलम जसं लिहिलं होतं, तसं मुख्य आरमारावर कधी लागूच झालं नाही. ‘बघा, ताबा घेतला नाही’ असं म्हणणारेही एका न झालेल्या प्रयोगाचा निकाल सांगतायत. आणि १० डिसेंबर १९४० ला हिटलरने ‘अटिला’ या नावाची योजना तयार ठेवायचा आदेश काढला: गरज पडल्यास उरलेला फ्रान्स व्यापायचा आणि तूलाँचं आरमार पकडायचं. जाहीर वचनाला सहा महिनेही झाले नव्हते.

या पुस्तकाचा सूर सन्मानाचा आहे. शब्द दिला, शब्द पाळला. आणि त्या सुराचं सगळ्यात मोठं टेकू म्हणजे तूलाँ.

तूलाँने काय सिद्ध होतं?

२४ जून १९४० ला ॲडमिरल दार्लांने गुप्त आदेश दिला होता, की जहाजं फ्रेंचच राहतील आणि शत्रूच्या हाती धड अवस्थेत पडणार नाहीत. वेळ आली तर बुडवा. २७ नोव्हेंबर १९४२ ला जर्मन तुकड्या पहाटे तूलाँमध्ये घुसल्या, तेव्हा ॲडमिरल लाबोर्दने तेच केलं. ७० हून अधिक जहाजं आपल्याच माणसांनी बुडवली किंवा निकामी केली, त्यात ‘स्त्रासबूर’ आणि गोदीत उभी असलेली ‘दंकर्क’ही. गंमत म्हणजे तोवर दार्लां स्वतः अल्जिअर्सला दोस्तांच्या बाजूने गेला होता, आणि आरमार आफ्रिकेत आण ही त्याची विनंती लाबोर्दने धुडकावली होती. माणसाचं नवं सांगणं ऐकलं नाही, त्याचा जुना आदेश पाळला.

यावरून नेहमीचा युक्तिवाद: ‘पाहा, शब्द पाळला. म्हणजे १९४० चा हल्ला विनाकारण होता.’ सेमिनारमध्ये मीही हेच वाक्य शेवटी टाकलं होतं.

आता त्यानंतर फक्त ११ दिवसांनी काय झालं ते पाहा. ८ डिसेंबर १९४२, ट्युनिशियातलं बिझर्त बंदर. तेच नौदल. जर्मनांनी ॲडमिरल देरियाँला निर्वाणीचा इशारा दिला, आणि त्याने तिथली टॉर्पेडो नौका आणि पाणबुड्यांसकट सगळी जहाजं न बुडवता त्यांच्या हाती दिली. पुढे त्याच्यावर खटला चालला, शिक्षा झाली.

एकच नौदल, अकरा दिवसांत दोन निकाल. तूलाँ सांगून बिझर्त गाळलं तर चर्चिल चुकतो. बिझर्त सांगून तूलाँ गाळलं तर चर्चिल द्रष्टा ठरतो. मी तूलाँ सांगितलं होतं आणि बिझर्त मला माहीतच नव्हतं. प्रयोगशाळेत दोन रीडिंगपैकी सोयीचं एक ठेवलं तर आपण त्याला काय म्हणतो, ते तुम्हाला सांगायला नको.

आणि दोन्ही रीडिंग ठेवली तरी एक अडचण उरते. १९४२ मध्ये जे झालं ते १९४० मध्ये कोणालाच माहीत नव्हतं. नंतरच्या निकालावरून आधीचा निर्णय तोलणं म्हणजे उत्तरपत्रिका हातात घेऊन परीक्षार्थ्याला हसणं. ३ जुलैचा निर्णय तपासायचा तर प्रश्न असा हवा: त्या दिवशी कोणाकडे काय माहिती होती, आणि आणखी काय मिळवता आली असती?

कंट्रोल नमुना: अलेक्झांड्रिया

इथे मला माझा प्रयोगशाळेतला ‘कंट्रोल’ आठवला. त्याच दिवशी, त्याच आदेशमालिकेखाली, इजिप्तच्या अलेक्झांड्रिया बंदरातही एक फ्रेंच ताफा उभा होता. ॲडमिरल गोदफ्रुआचा. समोर कनिंगहॅम. लंडनहून घाई चाललेली. मर्स-एल-केबीरची बातमी आल्यावर गोदफ्रुआने आधी मान्य केलेलंही थांबवलं. तरी कनिंगहॅम बोलत राहिला, आणि ४ जुलैला तोडगा निघाला: जहाजांनी इंधन काढायचं, तोफा निकामी करायच्या, जागेवरच राहायचं. एक गोळा सुटला नाही. १९४३ मध्ये हीच जहाजं दोस्तांना मिळाली.

मर्स-एल-केबीरला काय झालं? सॉमरव्हिलचे पर्याय असे होते: आमच्याबरोबर लढा, कमी माणसांसह ब्रिटिश बंदरात चला, किंवा वेस्ट इंडीजमधल्या फ्रेंच बंदरात जाऊन निःशस्त्र व्हा. नाहीतर सहा तासांत बुडवा. ॲडमिरल जाँसूलने सकाळी कॅप्टन हॉलंडला भेटायलाच नकार दिला, आणि आपल्या मुख्यालयाला कळवताना फक्त ‘सहा तासांत बुडवा, नाहीतर बळ वापरू’ एवढंच कळवलं. वेस्ट इंडीजचा पर्याय त्या तारेत नव्हताच. दुपारनंतर भेट झाली तेव्हा जाँसूलने दार्लांचा आदेश हॉलंडला दाखवला. पण तोवर फ्रेंच कुमक निघाल्याची बातमी लंडनला लागली होती, आणि लवकर उरका असा आदेश आला. सहाच्या सुमाराला तोफा सुरू झाल्या. ‘ब्रेतान्य’ काही मिनिटांत उलटली. एकट्या तिच्यावर ९७७ जण गेले. आणि ज्या नौकांची सर्वांत भीती होती, त्यातली ‘स्त्रासबूर’ निसटून तूलाँला पोचलीच.

मोह होतो म्हणायचा: ‘बघा, बोलणं लांबवलं तर रक्त सांडत नाही.’ थांबा. हा कंट्रोल शुद्ध नाही. अलेक्झांड्रिया ब्रिटिश तळ होता, तिथून जहाजं पळू शकत नव्हती. मर्स-एल-केबीर फ्रेंच बंदर, कुमक जवळ. एका वेळी चार गोष्टी वेगळ्या असतील, तर फरक कशामुळे पडला हे दोन नमुन्यांवरून सांगता येत नाही. तरीही अलेक्झांड्रियावरून एक गोष्ट नक्की म्हणता येते: तोडगा अशक्य नव्हता. ‘अटळ’ हा शब्द चर्चिलने जितक्या सहज घ्यायला लावला, तितका स्वस्त नाही. मर्यादित दावा, पण उभा राहणारा.

तर माझं मत

गोष्ट मागे घेतली म्हणून मला मतच नाही असं नाही. भाषांतराच्या एका चुकीमुळे १२९७ माणसं मेली, हे मी यापुढे म्हणणार नाही. मी असं म्हणेन: ब्रिटिशांची भीती खरी होती आणि तिला मूळ बंदरांच्या अटीचा भक्कम आधार होता. ‘कंट्रोल’ शब्दाने तिला धार आली असेल. पण त्या दिवशी माणसं मेली ती शेवटच्या काही तासांत: अर्धवट तार, न दिलेली भेट, आणि उशिरा दाखवलेला आदेश वाचून विचार करायला न उरलेला वेळ. हेही मत आहे. उद्या कोणी चांगला पुरावा दिला तर हेही मागे घेईन.

चर्चिलचा खंड जरूर वाचा. १९४० मध्ये लंडनला कशाची भीती होती याचा तो उत्तम पुरावा आहे. ती भीती कितपत बरोबर होती, याचा मात्र नाही. ओफाँ-मोर्दाल वाचा, फ्रेंच नौदल स्वतःकडे कसं पाहत होतं हे त्यातून कळतं. कुठलंही पुस्तक कशाचा पुरावा आहे आणि कशाचा नाही, हे वाचतानाच वहीत लिहून ठेवा. नंतर आठवत नाही, स्वानुभव आहे.

आणि तुमच्या रिव्ह्यूमध्ये एखादं वाक्य फारच छान बसत असेल, तर मागच्या बाकावरच्या त्या सीनियरचा प्रश्न स्वतःलाच विचारून बघा: हे मुळात कोणत्या भाषेत लिहिलं होतं? मी त्या दिवसानंतर त्यांना चहा पाजला. त्यांनी विचारलं, “मग, सापडलं का?” मी म्हटलं, “सापडलं. पण गोष्ट मोडली.” ते म्हणाले, “छान. आता सेमिनार परत घे.”

पुढच्या महिन्यात घेतेय.